तीन खडे घरी पोचेपर्यंत

हात्सुए इनाफुकुला गप्प बसणं माहीत नव्हतं, आणि तिच्या पोटापाण्याच्या दृष्टीने ते बरंच होतं. ओकिनावा बेटाच्या मधल्या भागात प्रवाशांच्या बसवर गाईड म्हणून ती वर्षानुवर्षं उभी होती. डोक्यावर निळी टोपी, हातांत पांढरे मोजे, एका हातात झेंडी, दुसऱ्यात माइक. बस अमेरिकन लष्करी तळाच्या कुंपणाला लागली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. इथे माझ्या आजोबांचं रताळ्याचं शेत होतं, आता तिथे साहेबांची मुलं बेसबॉल खेळतात. ते विमान डोक्यावरून जाईल तेव्हा मी थांबेन, कारण तेवढा वेळ मला माझंच ऐकू येत नाही, आणि माझ्यासारखीला ती फार मोठी शिक्षा आहे. लोक हसायचे. मग ती गाणं म्हणायची, चढावर एक आणि उतारावर एक.

इंग्रजी तिला यायची, पण ती लाँड्रीतली. तिच्या आईची लाँड्री तळाच्या गेटसमोर होती आणि शिपायांच्या पँटींना इस्त्री करता करता ही पोरगी त्यांच्या शिव्यांपासून प्रार्थनांपर्यंत सगळं शिकली. म्हणून अमेरिकन मंडळी आली की कंपनीतून हात्सुएलाच बोलावणं यायचं.

नवरा सेइजुन तिच्या अगदी उलट, तोलून मापून बोलणारा. तो तळावर कामाला होता, धावपट्टीच्या कडेचं गवत कापायचं आणि दगड वेचायचे. विमानाच्या इंजिनाने हरभऱ्याएवढा खडा गिळला तरी आतलं सगळं फाटतं, त्यामुळे धावपट्टीच्या आसपास दगड दिसला की उचलायचाच, असा तिथला कडक नियम. सेइजुनला हे काम आवडायचं. रात्री जेवताना हात्सुएचं पुराण चालू झालं की तो म्हणायचा, ''दिवसभर दगड वेचतो, आणि घरी आलो की तुझे शब्द वेचत बसतो.'' एवढं एक वाक्य, आणि स्वतःच बराच वेळ हसायचा.

गेल्या वर्षी उतरत्या उन्हात एका विमानाचं चाक उतरताना फुटलं. ते धावपट्टी सोडून गवतात शिरलं आणि घसरत घसरत थेट सेइजुनच्या दिशेने आलं. तो पळाला नाही, पळायला सुचलंच नाही. विमान त्याच्यापासून हाकेच्या अंतराच्याही आत थांबलं, पोटाखाली जाळ लागलेला. बंबवाले आले, आग विझली, कोणी मेलं नाही. सेइजुनच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. त्याला घरी आणून सोडलं तेव्हा त्याच्या आईने, म्हाताऱ्या उटोने, त्याचे बूट काढले. तो ओसरीच्या कडेला बसला, आणि त्या दिवसापासून बोलला नाही. ताट पुढे केलं की जेवायचा, सांगितलं की आंघोळ करायचा, बाकी वेळ समोरच्या जास्वंदीच्या कुंपणाकडे बघत बसायचा. शहरातल्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. तळाच्या ऑफिसने काही महिने वाट पाहिली आणि मग त्याचा पास परत मागून घेतला.

उटोला मात्र पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. ''जीव पडलाय त्याचा,'' ती म्हणाली. ''तिथेच गवतात पडून राहिलाय.''

माणूस जबर दचकला की त्याचा जीव जागच्या जागी गळून पडतो, यात बेटावर कोणालाच नवल वाटत नाही. पोर भिंतीवरून पडलं की आई त्या जागी जाते आणि जीव उचलून आणते. त्याचं अंगावरचं कापड न्यायचं, चार तांदूळ टाकायचे, नावाने हाक मारायची, तिथलेच तीन खडे कापडात गुंडाळायचे आणि आणून त्याच्या मांडीवर ठेवायचे. उटोच्या माहेरच्या रीतीत आणखी एक अट होती. खडे उचलल्यापासून मांडीवर ठेवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. ''बोललीस की जीव तुझ्या आवाजामागे जातो,'' उटोने सुनेला बजावलं, ''आणि वाटेत कुठे पडला ते कोण शोधणार?''

आता ही जागा होती कुंपणाच्या आत. हात्सुए ऑफिसात जाऊन विनवण्या करून आली. तिथल्या बेटावरच्याच माणसाने मान खाली घातली. वरचा साहेब वाईट नव्हता, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आत ज्यांच्या पूर्वजांची थडगी आहेत त्यांना सणाला सोडतो, पण तुझा नवरा तर जिवंत आहे. मेलेल्यांची सोय होती, जित्या माणसाची नव्हती. हात्सुए त्या दिवशी घरी येऊन भांडी आपटत राहिली.

आणि मग एका अमेरिकन कॉलेजची मुलं आली. आपल्या देशाचे परदेशातले लष्करी तळ बघत फिरणारी सहल होती ती. कोरियातले बघून झाले होते, इथून पुढे ग्वामला जायचं होतं. बरोबर लिंडक्विस्ट नावाचे प्राध्यापक. त्यांना स्थानिक बस हवी होती, आणि बस आत जाणार म्हणजे ड्रायव्हर आणि गाईडही आत जाणार. कंपनीच्या मॅनेजरने हात्सुएला बोलावून सांगितलं, काहीही गडबड झाली तर आपली बस पुन्हा त्या गेटातून आत जायची नाही आणि तूही या बसवर दिसायची नाहीस. ती हो म्हणाली. पण आपण काय करणार हे तिचं हो म्हणतानाच ठरलं होतं.

सकाळी उटोने मुलाच्या अंगातला बनियन काढून घेतला आणि सुनेच्या पिशवीत कोंबला. धुतलेला चालत नाही. मग मूठभर तांदूळ कागदात बांधून दिले. ''बोलशील,'' ती म्हणाली. ''मला तुझीच भीती आहे.''

''नाही बोलणार, आई.''

''हे म्हणतानासुद्धा बोललीसच ना?''

सेइजुन उघड्या अंगाने जास्वंदीकडे बघत बसला होता.

गेटवर लेफ्टनंट ब्रॅडॉक नावाची तरुण अधिकारी बसमध्ये चढली. हसरी होती, पण तिचं लक्ष सारखं घड्याळाकडे. तिने नियम सांगितले. गटाला सोडून जायचं नाही, काही टाकायचं नाही, काही उचलायचं नाही, बाहेर पडताना सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या जातील. हात्सुएने ते ड्रायव्हर यामानोहाला सांगितलं. यामानोहा साठीचा, बसवरचा तिचा जुना जोडीदार, तिची एक गोष्ट शंभर वेळा ऐकलेला. ''श्वास घेतला तर चालेल का, विचार तिला,'' तो म्हणाला. एरवी हात्सुए खो खो हसली असती. आज तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

सकाळ शाळा, दुकान, इस्पितळ बघण्यात गेली. मुलं चांगली होती. एका मुलीने विचारलं की या हिरवळीखाली पूर्वी काय होतं, आणि लेफ्टनंट बाईंना उत्तर माहीत नव्हतं. ''आमची गाईड सांगेल परतीच्या वाटेवर,'' लिंडक्विस्ट कौतुकाने म्हणाले. ''हिचं बोलणं ऐकायलाच मी तुम्हाला या बसमध्ये बसवलंय.'' हात्सुए हसली. परतीच्या वाटेवर आपलं तोंड बंद असणार हे तिला एकटीला ठाऊक होतं.

जेवणानंतर अग्निशमन केंद्र, धावपट्टीच्या टोकाला. सेइजुनच्या तळावरच्या जोडीदाराने तिला जागेची खूण सांगून ठेवली होती. लाल-पांढऱ्या चौकटींची एक टपरी, तिच्या बाजूला पाण्याचा नाला, नाल्यावर काँक्रीटची फरशी. त्या दिवशी सेइजुन फरशीच्या अलीकडे उभा होता. केंद्राच्या दारातून ती टपरी समोर दिसत होती. मध्ये फक्त एक रस्ता आणि गवत.

मुलं बंबावर चढली. टोप्या घालून फोटो सुरू झाले, लेफ्टनंट त्यांच्यात अडकली. हात्सुएने झेंडी उंच धरली आणि चालायला लागली. झेंडी घेऊन चाललेली बाई कुठेतरी कामालाच चाललीय असं बघणाऱ्याला वाटतं, यावर तिने सगळी मदार ठेवली होती. झेंडी सरळ होती.

फरशीजवळ पोचून ती गुडघ्यांवर बसली. तांदूळ टाकले, बनियन पसरला. ''सेइजुन,'' ती म्हणाली, ''चल. घरी चल.'' नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान गेलं. तिला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही, मग त्याला कसा जाणार? आवाज विरेपर्यंत ती तशीच बसून राहिली. केंद्राकडे बघायचं धाडस झालं नाही. पुन्हा म्हणाली, ''ऐक ना. आई वाट बघतेय. मी पण बघतेय. उठ आता.''

मग तिने खडे उचलायला हात पुढे केला, आणि खडे नव्हतेच.

गवत होतं, नुकतं कापलेलं, गालिच्यासारखं. त्यात बोटं घालून चाचपलं, इकडे तिकडे रांगत पाहिलं. वाटाण्याएवढासुद्धा दगड नाही. कुठून असणार? वर्षानुवर्षं तोच वेचत होता इथले. हात्सुएला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मेल्या, म्हणाली ती मनात, एवढं चोख काम कोणी सांगितलं होतं तुला? स्वतःच्या जीवाला बसायला तीन खडे ठेवायचे नाहीस?

तिने टोपीखालचा केसांचा आकडा काढला आणि फरशीच्या कडेची माती उकरायला लागली. मोजे काळे झाले. बऱ्याच खाली पोवळ्याच्या खडकाचा पांढरा तुकडा लागला. त्याच्या बाजूला आणखी एक. तिसरा फरशीच्या फटीत घट्ट बसलेला, तो ओढताना नखाखालून रक्त आलं. तीन झाले. तिने ते बनियनमध्ये गुंडाळले, पिशवीत तळाशी घातले, ओठ मिटले आणि उठली.

लेफ्टनंट रस्त्याच्या कडेलाच उभी होती. आता हसत नव्हती. ''कुठे गेला होतात?''

हात्सुएने कमरेतून वाकून नमस्कार केला, पोटावर हात ठेवला आणि तोंड कसनुसं केलं. लेफ्टनंटने तिच्या गुडघ्यांवरची माती पाहिली. मग ती बसमध्ये हात्सुएच्या मागच्याच सीटवर येऊन बसली.

लिंडक्विस्टनी माइक आणून दिला. मुलं वह्या सरसावून बसली. हात्सुएने माइक घेतला, गळ्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. प्राध्यापकांचा चेहरा उतरला. त्यांनी आर्जव केलं, थोडंसंच सांगा म्हणाले. तिने पुन्हा मान हलवली. मघाच्या मुलीने खोकल्याची गोळी दिली, ती चघळत हात्सुए खिडकीबाहेर बघू लागली. आजोबांचं शेत गेलं, आजीची विहीर गेली. एकेक गोष्ट जिभेवर येत होती आणि ती गिळत होती.

यामानोहाने आरशातून पाहिलं. ''काय गं, आज घशात काय माकड बसलं?'' तिने गोळी या गालातून त्या गालात सरकवली. तेव्हा त्याने स्वतःच माइक ओढला आणि बेसूर गायला सुरुवात केली. मुलं हसून लोळली. हात्सुएच्या डोळ्यांत पाणी आलं. पिशवी तिने पोटाशी इतकी घट्ट धरली होती की खडे बरगडीला टोचत होते.

गेटवर सगळ्यांना खाली उतरवलं. तपासणीला चिनेन नावाचा बेटावरचाच पहारेकरी होता, बाजूला अमेरिकन सार्जंट. मुलांच्या पिशव्या भराभर झाल्या. हात्सुएच्या पिशवीत चिनेनचा हात तळाशी गेला आणि थांबला. त्याने पुरचुंडी बाहेर काढून टेबलावर उघडली. पुरुषाचा मळका बनियन, पोवळ्याचे तीन तुकडे, एका तुकड्याला चिकटलेला तांदळाचा दाणा.

चिनेन बघतच राहिला.

''काय आहे ते?'' सार्जंटने विचारलं.

चिनेनला विचारणं भाग होतं. ''बाई, हे कुठून आणलं?''

हात्सुए गप्प. सार्जंटने तेच इंग्रजीत विचारलं, आवाज चढवून. लेफ्टनंट पुढे आली आणि म्हणाली, ही बाई मघाशी धावपट्टीजवळ गायब होती, आणि तेव्हापासून बोलत नाहीये. सार्जंटचा चेहरा बदलला. तो म्हणाला, बोलत नसेल तर बस जाऊ दे, ही इथेच राहील, आणि हे सामानही.

''हात्सुए, बोल की गं,'' यामानोहा बसच्या पायरीवरून म्हणाला. ''जन्मभर बोलत आलीस, आता काय झालं?''

एक वाक्य पुरेसं होतं. लाँड्रीतल्या इंग्रजीत तिने असं काही सांगितलं असतं की सार्जंटही हसला असता. ते वाक्य तिच्या दातांपर्यंत आलं होतं. नोकरी डोळ्यांपुढे दिसत होती, मॅनेजर दिसत होता, मुलांचे गोंधळलेले चेहरे दिसत होते. आणि बोलली तर सेइजुनचा जीव इथे, या गेटच्या डांबरावर, रोज हजार गाड्यांच्या चाकांखाली पडून राहणार होता. तिने खालचा ओठ दातांत धरला. तो सोडला नाही.

चिनेन टेबलावरून पुढे वाकला आणि बेटाच्या जुन्या बोलीत हळूच म्हणाला, ''नवऱ्याचा आहे?''

तिने मान डोलावली. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे.

''मग तोंड उघडू नका.''

तो सरळ झाला. पुरचुंडी पुन्हा बांधली, आईच्या हाताने बांधावी तशी, आणि सार्जंटकडे वळून म्हणाला की दगड आहेत साहेब, धावपट्टीजवळचे. सार्जंट म्हणाला, आतली वस्तू बाहेर जात नाही, आत टाकून दे.

''टाकतो,'' चिनेन म्हणाला. ''पण आतला नियम असा की दगड दिसला तर उचलायचा, ठेवायचा नाही. मी आत दगड टाकला आणि उद्या इंजिनात गेला, तर कोणाच्या सांगण्यावरून टाकला म्हणून सांगू? तुमच्या?''

सार्जंटने लेफ्टनंटकडे पाहिलं. लेफ्टनंटने घड्याळाकडे पाहिलं.

''मग फेकून दे कुठेही,'' सार्जंट वैतागून म्हणाला.

चिनेन दोन्ही हातांनी पुरचुंडी उचलून चालत गेला. जमिनीवरची पिवळी रेषा ओलांडली आणि बाहेरच्या बुटक्या भिंतीवर ती अलगद ठेवून परत आला. वाटेत तोही कोणाशी एक शब्द बोलला नाही. लेफ्टनंटने त्याचं नाव विचारून घेतलं, हात्सुएचंही घेतलं, आणि ही बाई पुन्हा या गेटातून आत येणार नाही असं यामानोहाला सांगितलं.

हात्सुएने टोपी काढून यामानोहाच्या हातात दिली. झेंडी दिली. मुलांना हॉटेलवर सोडायचं अजून बाकी होतं, म्हणजे काम सोडून चालली होती ती, आणि याचा अर्थ तिला पुरता कळत होता. लिंडक्विस्टना तिने वाकून नमस्कार केला. मग रेषेबाहेर आली, भिंतीवरची पुरचुंडी छातीशी धरली आणि कुंपणाच्या कडेने घराकडे चालू लागली. वाटेत भाजीवालीने हाक मारली, शेजारणीने विचारलं की आज लवकर कशी. दोघींना तिने ओळखसुद्धा दाखवली नाही. आपल्याला लोक शिष्ट म्हणतील असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

सेइजुन ओसरीच्या कडेला होता. जास्वंदीच्या फटीतून बायको येताना त्याला दिसली. डोक्यावर टोपी नाही, गुडघे मातीने भरलेले, बोटाला रक्त. रोज गल्लीच्या तोंडापासूनच जिचा आवाज घरात शिरायचा ती आज आवाज न करता आली होती. ती फाटक उघडून आत आली, तरी तिने तोंड उघडलं नाही.

त्याची नजर कुंपणावरून सुटली आणि तिच्यामागे फिरली.

''टोपी कुठेय तुझी?'' तो म्हणाला.

आवाज गंजलेला होता, पण त्याचाच होता. हात्सुएचा पाय जागीच थबकला. ओठ उघडले. तिने ते मिटून घेतले आणि पुढचं पाऊल टाकलं.

''हात्सुए? काय झालं? कोणी काही बोललं का तुला?'' तो उठायला लागला, भिंतीला धरून. ''बोल ना. तू का बोलत नाहीस?''

स्वयंपाकघरातून उटो धावत आली आणि दारातच तोंडावर हात ठेवून उभी राहिली. हात्सुएने नवऱ्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि पुरचुंडी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याचे दोन्ही हात घेऊन पुरचुंडीवर ठेवले. उटो गुडघे टेकून काहीतरी पुटपुटली, मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसत म्हणाली, ''झालं. सुटलीस गं तू. बोल आता.''

''गुडघ्याला माती कसली आहे?'' सेइजुन विचारत होता. ''पडलीस का कुठे? बोटाला काय लागलं? यामानोहा कुठे आहे, त्याने सोडलं नाही तुला? इतकी गप्प का तू, मला भीती वाटतेय.''

''अगं, बोल,'' उटोने पुन्हा सांगितलं. ''आता चालतं.''

हात्सुएने मान हलवून नाही म्हटलं आणि त्याच्या शेजारी टेकून बसली. तिला अजून थोडं ऐकायचं होतं.